सेलबर्नचे चर्चआवार आणि तेथील यू वृक्ष

इंग्लंडच्या दक्षिण भागात, हॅम्पशर परगण्यात, ऑल्टन या कसब्यापासून आग्नेयेस सुमारे चार मैलांवर, गावाहून तीनशे फूट उंच उठलेल्या आणि बीच वृक्षांच्या रानाने आच्छादलेल्या एका खडूच्या टेकडीच्या पायथ्याशी, सेलबर्न हे खेडे वसलेले आहे. या खेड्यातील सेंट मेरीच्या चर्चचे आवार विस्ताराने लहान आहे आणि चर्चची इमारतही परगण्यातील इतर अनेक चर्चच्या मानाने साधीच म्हणावी लागेल. असे असताही या आवाराचा, त्यातील एका यू वृक्षाचा आणि चर्चच्या उत्तर अंगास असलेल्या एका ठेंगण्या शिळेचा लौकिक जगभरच्या निसर्गप्रेमी वाचकांत पसरला, याचे कारण इतकेच की, येथील एका दुय्यम धर्मोपदेशकास जे दृष्टीस पडेल ते मोजून, पारखून, तारीख घालून लिहून ठेवण्याची जन्मभराची सवय होती. जुन्या वृक्षांस वाहिलेल्या या स्मरणिकेत आपल्याकडील देवरायांच्या पंक्तीस एका परदेशी दफनभूमीचे इतिवृत्त बसविताना सेलबर्नची निवड केली आहे, ती या लेखी पुराव्याच्या विपुलतेसाठी.

सेलबर्नचा सर्वांत जुना लेखी उल्लेख सापडतो तो विल्यम राजाने १०८६ मध्ये करविलेल्या जमीनपाहणीच्या दफ्तरात. मौजे सेलबर्न हे पूर्वी एडिथ राणीच्या ताब्यात होते, त्यावर सरकारी धारा कधी भरला गेला नाही, आणि त्यातील अर्धी हाइड (जुने इंग्रजी जमीनमाप) जमीन चर्चसह रॅडफ्रेड नामक पाद्र्यास राजाने इनाम दिली, एवढा मजकूर त्यात आहे. म्हणजे नॉर्मन विजयानंतर वीस वर्षांच्या आतच येथे चर्च उभे होते, आणि त्याच्या निर्वाहास जमिनीचे उत्पन्न लावून दिलेले होते, हे निर्विवाद. सध्याच्या चर्चमधील जाड, बुटके, वाटोळे खांब बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातले मानले जातात. तेव्हा रॅडफ्रेड पाद्र्याचे चर्च याहून निराळे आणि बहुधा याच जागी असले पाहिजे.

१२३३ मध्ये विंचेस्टरचा बिशप पीटर दे रोश याने गावाच्या पूर्वेस ऑगस्टिन पंथाच्या धर्मबंधूंसाठी एक मठ स्थापन केला, आणि गावचे चर्च, त्याचे उत्पन्न व हक्क या मठाकडे गेले. १२७१ मध्ये सर अॅडम गर्डन व त्याची पत्नी कॉन्स्टन्शिया यांनी चर्चसमोरील मोकळ्या चौकाची जागा मठास सनदेने दिली. हाच चौक पुढे प्लेस्टॉर या नावाने गावाचे खेळण्याबसण्याचे ठिकाण झाला. मठाची पुढील हकीकत मात्र फारशी भूषणावह नाही. १३८७ मध्ये बिशप विल्यम ऑफ विकम याने मठाची तपासणी करून जो लांबलचक ठपका लिहिला, त्यात धर्मबंधू शिकारी कुत्रे बाळगतात आणि शिकारीत दंग असतात, हीही एक तक्रार आहे. कर्ज, गैरव्यवस्था व मनुष्यबळाचा अभाव यांनी खंगत गेलेला हा मठ अखेर १४८६ च्या सुमारास बरखास्त झाला, आणि त्याची सारी मिळकत बिशप वेनफ्लीटने ऑक्सफर्ड येथे स्थापिलेल्या मॉडलेन कॉलेजास मिळाली. सेलबर्नच्या चर्चवर व्हायकर, म्हणजे मुख्य पाद्री, नेमण्याचा अधिकारही त्याबरोबरच कॉलेजाकडे गेला. या एका वहिवाटीचा परिणाम पुढे तीनशे वर्षांनी कसा झाला, ते ओघाने येईलच.

आता आपण ज्या गृहस्थाच्या लेखणीमुळे हे सारे जाणतो, त्याच्याकडे वळू. गिल्बर्ट व्हाइट याचा जन्म १८ जुलै १७२० रोजी सेलबर्नच्या पाद्रीगृहात झाला. कारण त्याच नावाचे त्याचे आजोबा १६८१ पासून येथे व्हायकर होते. ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजात शिक्षण घेऊन तो तेथीलच फेलो झाला, पुढे धर्मदीक्षा घेतली, आणि आपल्या वडिलोपार्जित ‘द वेक्स’ या घरी येऊन राहिला. जेथे आजोबांनी अर्धशतकाच्या आसपास व्हायकरी केली त्या गावची व्हायकरी आपणांस मिळावी असे त्यास वाटले असल्यास नवल नाही. परंतु नेमणुकीचा हक्क मॉडलेन कॉलेजाचा आणि व्हाइट ओरिएलचा, त्यामुळे ती त्यास कधीच मिळण्यासारखी नव्हती. तो येथे निरनिराळ्या काळी केवळ क्युरेट, म्हणजे सहायक पाद्री, म्हणून राहिला. अखेरच्या खेपेस १७८४ पासून मृत्यूपर्यंत. ज्या आवाराचे नाव त्याने अजरामर केले, त्यावर त्याचा दप्तरी अधिकार एवढाच होता. व्हायकर आले आणि गेले. त्यांतील बहुतेकांची नावे आज चर्चमधील यादीपलीकडे कोणास ठाऊक नाहीत.

टॉमस पेनंट व डेन्स बॅरिंग्टन या दोन विद्वान मित्रांस लिहिलेल्या पत्रांच्या रूपाने त्याने आपल्या परिसराचे जे वर्णन केले, ते ‘सेलबर्नचा निसर्गेतिहास व पुरातन अवशेष’ अशा आशयाच्या नावाने त्याचा भाऊ बेंजामिन याने १७८९ साल घालून प्रसिद्ध केले. या ग्रंथाचा निसर्गविषयक भागच बहुधा वाचला जातो. पुरातन अवशेषांचा उत्तरार्ध नंतरच्या पुष्कळ आवृत्त्यांतून गाळण्यात येत गेला. प्रस्तुत लेखकाच्या मते हा अन्यायच आहे. कारण चर्च, मठ आणि आवार यांची सारी कैफियत त्या गाळलेल्या भागातच आहे, आणि यू वृक्षाचे वर्णनही तेथेच येते.

व्हाइटने चर्चचे वर्णन करताना गावाभिमान अजिबात आड येऊ दिला नाही. लांबी चोपन्न फूट, रुंदी सत्तेचाळीस फूट, म्हणजे जवळजवळ चौरसच. रंगीत काच नाही, कोरीव काम नाही. इमारत फार जुनीही नसावी, असा त्याचा अभिप्राय. खांबांची जुनी घडण पाहून मात्र त्यास शंका आली होती, आणि आजचे वास्तुज्ञ त्या शंकेच्याच बाजूने कौल देतात. मनोऱ्यात पाच घंटा. १७३५ च्या सुमारास जुन्या घंटा नव्याने ओतून व त्यांत सर सिमियन स्ट्युअर्ट यांनी स्वखर्चाने दिलेल्या एका घंटेची भर घालून हा सुस्वर संच बसविला गेला तेव्हा गावाने मोठा उत्सव केला, आणि दात्याच्या हुकमावरून सर्वांत लहान घंटा जमिनीत उलटी रोवून ती मद्याच्या पेयाने काठोकाठ भरण्यात आली, व आल्यागेल्या सर्वांस त्यातून पिण्याची मुभा होती. ही हकीकत एका धर्मोपदेशकाने, निषेधाचा एकही शब्द न घालता, चर्चच्या इतिहासात नमूद करावी, यातच व्हाइटच्या स्वभावाची पारख होते.

परंतु या आवाराच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे ते त्याने केलेले दफनभूमीचे वर्णन. आवार अपुरे आहे, असे तो स्पष्ट सांगतो. पूर्वी ते मोठे असून त्याचा काही भाग पाद्रीगृहाच्या अंगणात व बागेत गेला असावा, असा त्याचा तर्क होता. त्यातही प्रत्येकास दक्षिणेच्या बाजूसच आपली माती पडावी असे वाटत असल्याने, त्या बाजूची भूमी पिढ्यान्पिढ्यांच्या अस्थींनी इतकी भरून गेली होती की, नवा खड्डा खणताना पूर्वजांची हाडे उकरल्यावाचून गत्यंतर नव्हते. पूर्वेस थोडी थडगी होती. उत्तरेकडे मात्र कोणी जात नसे. कारण चर्चची सावली पडणारी ती बाजू अशुभ मानण्याचा ग्रह त्या काळी इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत सर्रास होता. नुकत्याच दोन-तीन प्रतिष्ठित घराण्यांनी त्या बाजूस दफन करण्यास आरंभ केला आहे, तेव्हा त्यांचे पाहून इतरांचाही ग्रह हळूहळू मावळेल, अशी आशा व्हाइटने व्यक्त केली. चर्चच्या इमारतीच्या आत प्रेते पुरण्याची चालही त्यास पसंत नव्हती. स्वतःच्या मृत्युपत्रात त्याने लिहून ठेवले की, आपणांस गावच्या दफनभूमीतच, शक्य तितक्या साधेपणाने, मिरवणूक व मानकरी यांवाचून पुरावे, आणि मोठे कुटुंब पोशिलेल्या सहा प्रामाणिक मजुरांनी खांदा द्यावा; त्या प्रत्येकास श्रमाबद्दल दहा शिलिंग द्यावेत. २६ जून १७९३ रोजी तो निवर्तला आणि चर्चच्या उत्तरेस पुरला गेला. शिळेवर नावाची दोन आद्याक्षरे आणि मृत्यूची तारीख एवढेच कोरलेले आहे. लोकभ्रम दूर करण्यासाठी केवळ लेखणी झिजवून न थांबता स्वतःचा देहही त्या कामी लावणारे सुधारक आपल्याकडेही थोडेच झाले.

आवारातील सजीव रहिवाशांचीही त्याने तितक्याच दक्षतेने नोंद ठेवली. चर्चच्या वळचणीखाली पांढऱ्या घुबडांची एक जोडी वर्षानुवर्षे वीण करीत असे. पिले असताना ही जोडी किती वेळाने भक्ष्य आणते हे पाहण्यासाठी व्हाइट घड्याळ हाती घेऊन उभा राहिला, आणि दोहोंपैकी एक पक्षी सुमारे दर पाच मिनिटांनी परततो असे त्यास आढळले. साऱ्या गावात ‘स्विफ्ट’ जातीच्या पाकोळ्यांच्या आठच जोड्या आहेत, त्यांतील निम्म्या चर्चमध्ये व निम्म्या अगदी गरिबांच्या गवती झोपड्यांत राहतात, आणि ही संख्या वर्षानुवर्षे तेवढीच कशी राहते, याचेही त्यास कोडे पडले होते. गांडुळे जमीन भुसभुशीत करून पिकांवर केवढा उपकार करतात, हे त्याने बॅरिंग्टनला लिहिले, त्यानंतर शंभर वर्षांनी चार्ल्स डार्विनने त्याच विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्यात व्हाइटचा उल्लेख केला.

आता प्रत्यक्ष यू वृक्षाविषयी. हा सूचिपर्णी वर्गातला, परंतु शंकू न धरणारा, अतिमंद वाढीचा, सदाहरित वृक्ष आहे. त्याची पाने अरुंद, चपटी, काळसर हिरवी. नर व मादी झाडे वेगळी. मादीस लागणाऱ्या फळात एक टणक बी आणि त्याभोवती लाल, मांसल पेला. हा लाल पेला तेवढा निर्विष. बी, पाने व साल यांत जालीम विष असते. त्याचा एक सगोत्र हिमालयात वाढतो, आणि केदारखंडाच्या यात्रेस जाणाऱ्यांनी त्याचे थुनेर हे गढवाली नाव ऐकले असेल. याच कुळातील अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील वृक्षाच्या सालीतून विसाव्या शतकात कर्करोगावरील पॅक्लिटॅक्सेल हे औषध हाती आले, आणि युरोपीय यूच्या पानांतील द्रव्यापासून त्याचे जुळे औषध तयार होऊ लागले.

सेलबर्नचा यू चर्चच्या नैर्ऋत्येस होता. त्याचा बुंधा ठेंगणा, रुंद व भक्कम, घेर तेवीस फूट, आणि माथ्याचा विस्तार त्या बुंध्यास साजेसा, असे व्हाइटने लिहून ठेवले आहे. वृक्ष नर होता, आणि वसंतात त्याच्या परागाचे धुरळे आसमंतात उसळत. कित्येक शतके पाहिलेला हा वृक्ष बहुधा चर्चच्याच वयाचा असावा, म्हणून त्याची गणना पुरातन अवशेषांत करावयास हरकत नाही, असे म्हणून त्याने त्यास मठ, सनदा व थडगी यांच्या रांगेत बसविले. वृक्षास ऐतिहासिक वास्तूचा दर्जा देण्याची ही कल्पना १७८९ मध्ये नवीनच होती, आणि आज ती सामान्य वाटते याचे श्रेय अंशतः या एका प्रकरणास द्यावे लागते. आसपासच्या दफनभूमींतील बहुतेक यू नरच आहेत, हेही त्याने हेरले. मात्र तो निव्वळ योगायोग मानला, कारण ते लावणाऱ्यांस झाडांत लिंगभेद असतो याची कल्पनाही नव्हती.

विषाविषयी त्याने दिलेली एक हकीकत तर सांगण्याजोगीच आहे. गावच्या रस्त्याकडेला एका अंगणात मध्यम आकाराचा मादी यू होता. शरद्‌संपाताच्या सुमारास वारे सुटले की त्याची पिकलेली फळे रस्त्यावर पडत आणि गावातील डुकरे ती खात. खच्ची केलेल्या डुकरांस व कोवळ्या माद्यांस त्यापासून काही इजा होत नसे. परंतु अंगावर पिणारी पिले असलेल्या माद्या अनेकदा मरत. व्हाइटने याचा उलगडा असा केला की, दूध पाजून अशक्त व भुकेल्या झालेल्या माद्या त्या फळांवर अधिक तुटून पडत असाव्यात. या तर्कावर आक्षेप घेता येईल. परंतु भुताखेतांचा वा दैवी कोपाचा आधार न घेता आधी निरीक्षण, मग वर्गवारी आणि शेवटी कारण, ही त्याची शिस्त कोणत्याही प्रयोगशाळेत मान्य व्हावी.

यू वृक्ष दफनभूमीतच का, या प्रश्नावर इंग्रज पुराणवस्तुज्ञांनी पुष्कळ शाई खर्ची घातली आहे. पहिल्या एडवर्ड राजाच्या कारकीर्दीत, १३०७ मध्ये झालेल्या एका कायद्याने पाद्र्यांस आवारातील झाडे तोडण्याची मनाई केली. चर्चच्या दुरुस्तीस लाकूड लागल्यासच ती सवलत होती, आणि झाडे वाऱ्यापासून इमारतीचे रक्षण करण्यासाठी लावलेली आहेत, असे कारणही कायद्यातच नमूद होते. व्हाइटने या कायद्याचा दाखला देऊन इतर तर्कही मांडले: घनदाट छत्राखाली दरवाजे उघडण्याची वाट पाहणाऱ्या लोकांस आडोसा मिळे, पाम रविवारच्या मिरवणुकीत ताडाच्या फांद्यांऐवजी यूच्या डहाळ्या वापरीत, मृत्यूचे प्रतीक म्हणून हा गंभीर वृक्ष शोभे, आणि उत्तम धनुष्ये याच लाकडाची होत. यांपैकी धनुष्यांचे कारण सर्वांत लोकप्रिय व सर्वांत लंगडे आहे. इंग्लंडच्या दमट हवेतील यूपेक्षा परदेशी लाकूड धनुष्यास सरस ठरे, म्हणूनच तर १४७२ च्या कायद्याने इंग्लंडात माल आणणाऱ्या जहाजांवर ठराविक संख्येने धनुष्याच्या काठ्या आणण्याची सक्ती केली होती. गुराढोरांस विषारी असल्याने लोक आपली जनावरे आवारात मोकळी सोडीत नसत, हेही एक कारण सांगतात, आणि ते खेड्यातील माणसास पटण्यासारखे आहे. आमच्या मते एका कारणाचा हट्ट धरण्याचे प्रयोजन नाही. जो वृक्ष एकदा लागला की शतकानुशतके मरत नाही, पोकळ झाला तरी आतून नवा बुंधा धरतो, टेकलेल्या फांदीस मुळे फोडतो, त्यास मागे ठेवून माणसांच्या समजुती मात्र प्रत्येक पिढीस बदलत गेल्या असाव्यात.

१८२३ मध्ये विल्यम कॉबेट हा शेतकऱ्यांचा कैवारी, घोड्यावरून परगण्यापरगण्यांतून फिरत, सेलबर्नला आला. त्याने यूचा घेर मोजला, तो तेवीस फूट आठ इंच भरला. झाड पूर्ण निरोगी आहे, हेही त्याने टिपले. व्हाइटच्या ग्रंथातील आकड्याशी तुलना करण्यास ही मोजणी उपयोगी पडते.

कॉबेटने ज्या मजुरांच्या दैन्याविषयी लिहिले, त्यांचाच उद्रेक पुढे सात वर्षांनी या आवारापर्यंत येऊन पोहोचला. १८३० च्या शरदात दक्षिण इंग्लंडभर शेतमजुरांनी मळणीयंत्रे मोडली, गंजी जाळल्या. २२ नोव्हेंबर रोजी सेलबर्नमध्ये जमाव जमला. त्याने व्हायकरास घेरून दशमांशाचे उत्पन्न सहाशे पौंडांवरून तीनशेवर आणण्याची कबुली मागितली, म्हणजे शेतकऱ्यांवरील बोजा हलका होऊन त्यांनी मजुरी वाढवावी. आणि नंतर गावचे गरीबगृह उद्ध्वस्त केले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या हेडली गावाच्या गरीबगृहाची तीच गत झाली. सरकारने विंचेस्टर येथे खास न्यायमंडळ बसविले. पुष्कळांस ऑस्ट्रेलियास हद्दपारीची शिक्षा झाली. जमावापुढे शिंग फुंकणारा जॉन न्यूलंड मात्र, गावच्या आख्यायिकेप्रमाणे, टेकडीवरील रानात लपून राहिला आणि वाचला. निसर्गलेखक डब्ल्यू. एच. हडसन याने १९०३ च्या आपल्या हॅम्पशरविषयक पुस्तकात ही कथा गावातील वृद्धांच्या तोंडून ऐकून लिहून ठेवली. न्यूलंड १८६८ मध्ये वारला, आणि त्याचे दफन यू वृक्षाजवळच झाले. ‘शिंगवाला’ या अर्थीच्या बिरुदानेच त्याची जागा आजही ओळखली जाते. ज्या चर्चच्या उत्पन्नाविरुद्ध त्याने शिंग फुंकले, त्याच चर्चने त्यास आवारातील सर्वांत मानाच्या झाडाखाली जागा दिली. या उदारपणाचा उल्लेख चर्चच्या इतिहासात व्हावयासच हवा.

चर्चमधील इतर घडामोडी थोडक्यात सांगता येतील. १८५६ च्या सुमारास व्हाइट कुलातीलच वास्तुविशारद विल्यम व्हाइट याच्या देखरेखीखाली चर्चचा जीर्णोद्धार झाला. वेदीवरील फ्लेमिश पद्धतीचे तिहेरी चित्र प्रकाशक बंधू बेंजामिनने भावाच्या स्मरणार्थ दिलेले आहे. १९२० मध्ये जन्माच्या द्विशताब्दीनिमित्त एक रंगीत खिडकी बसविली, तिच्यात संत फ्रान्सिस पक्ष्यांस उपदेश करीत आहे आणि भोवती व्हाइटच्या ग्रंथात आलेले पक्षी आहेत. एके काळी रंगीत काचेचा मागमूस नसलेल्या चर्चमध्ये आता प्रवासी मुद्दाम या काचेसाठी येतात.

२५ जानेवारी १९९० रोजी इंग्लंडवर भीषण वादळ आले, आणि त्यात सेलबर्नचा यू मुळासकट कोसळला. भोवती बसण्यासाठी बांधलेले बाक, खालची थडगी आणि मुळांत गुंतलेल्या अस्थी सारे एकाच वेळी उघडे पडले. मुळांचा गड्डा जागेवर बसविण्यापूर्वी पुरातत्त्वज्ञांनी त्या खड्ड्याची रीतसर तपासणी केली. मध्ययुगापासूनची दफने त्या मुळांनी वेढून टाकलेली आढळली. नंतर फांद्या छाटून, माथा हलका करून, काही आठवड्यांतच यंत्रांच्या साहाय्याने बुंधा पुन्हा उभा करण्यात आला.

गावाने हे पूर्वीही एकदा केले होते. प्लेस्टॉरच्या मधोमध एक प्रचंड ओक होता. त्याभोवती दगडी पायऱ्या व बसण्याच्या जागा होत्या, म्हातारे बसून गप्पा करीत आणि तरुण भोवती नाचतखेळत. नोव्हेंबर १७०३ च्या महावादळात तो उन्मळून पडला. तेव्हाच्या व्हायकराने, म्हणजे गिल्बर्टच्या आजोबांनीच, कित्येक पौंड खर्चून तो पुन्हा जागेवर बसविला. काही काळ त्यास पालवी फुटली, मग तो सुकून मेला. नातवाने ही हकीकत आपल्या ग्रंथाच्या आरंभीच लिहून ठेवली आहे, आणि १९९० मध्ये दोर व यंत्रे जमविणाऱ्यांनी ती वाचली नसेल हे संभवत नाही. तरीही त्यांनी प्रयत्न केला. यू वृक्षानेही आजोबांच्या ओकाचीच वाट धरली: काही कोंब फुटले, आशा वाटली, आणि मग झाड वठले. मूळ बुंधा जागीच उभा ठेवलेला आहे, वेली त्यावर चढल्या आहेत. आणि त्याच वृक्षाच्या फांदीपासून वाढविलेले रोप आवारातच लावले असून ते जोम धरीत आहे. अनुवंशाच्या दृष्टीने हा तोच वृक्ष आहे, असे वनस्पतिशास्त्र सांगते. दक्षिणेचा वारा त्यास पूर्ववत अडविता येण्यास मात्र काही शतके लागतील.

पडण्यापूर्वीच्या काळात त्या वृक्षाचा घेर सुमारे सव्वीस फूट होता. म्हणजे व्हाइटपासून दोन शतकांत तो अदमासे तीन फूट वाढला. अशा वाढीवरून मागचा अंदाज बांधून त्याचे वय चौदाशे वर्षे ठरविण्याचा मोह पुष्कळांस झालेला आहे, आणि प्रवाशांच्या माहितीपत्रांतून तो आकडा आत्मविश्वासाने छापलाही जातो. परंतु यूची वाढ कधी थांबते, कधी जोर धरते, आतील गाभा कुजून वर्तुळे नाहीशी होतात, त्यामुळे अशा गणितास पुराव्याचे स्थान देता येत नाही. व्हाइटने ‘चर्चच्या वयाचा’ एवढे म्हणून जो संयम दाखविला, तोच अधिक शास्त्रीय आहे. एक उणीव मात्र त्याच्याही नोंदीत राहिली: सूत जमिनीपासून कोणत्या उंचीवर गुंडाळले, ते त्याने लिहिले नाही, आणि ठेंगण्या, सुजट बुंध्याच्या झाडात हातभर वर-खाली झाल्याने फुटाचाही फरक पडू शकतो.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांस एकच विनंती आहे. आपल्या गावच्या देवळापुढील वड, पिंपळ, चिंच वा देवराईतील एखादा जुना वृक्ष निवडावा; जमिनीपासून साडेचार फुटांवर त्याच्या बुंध्याचा घेर मोजावा; मोजणीची उंची, तारीख, जागेचा गट क्रमांक आणि मोजणाऱ्यांची नावे लिहून त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या व दुसरी देवस्थानच्या दफ्तरी जमा करावी, आणि दर दहा वर्षांनी हीच मोजणी त्याच जागी पुन्हा करावी.